माझी खिडकी आणि राखीव बाटल्या

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

आज दुपारी तीन वाजून पंचावन्न मिनिटांनी माझ्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीवर काळे कापड ठोकण्यात आले. मला न विचारता. ठोकणारा नाथाजी वॉचमन, हुकूम देणारी माझी सून अंकिता, आणि खाली ऑफिसात बसून हातोडीचा आवाज ऐकूच येत नसल्याचे सोंग करणारा माझा मुलगा, अतिशय त्याचे नाव. तिघांचीही नावे लिहून ठेवते. चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून काढली. नोंद कशी करायची ते मला कुणी शिकवू नये.

एकोणीस जानेवारीला सांगलीच्या घरी न्हाणीत पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. मिरजेच्या डॉक्टरांनी आत सळई घातली आणि मार्चअखेरपर्यंत पायावर भार द्यायचा नाही असे बजावले. मग मुलाने मला कुपवाडला आणले. खाली त्याचा डाळिंबरसाचा कारखाना, वर घर. चार कामगारांनी मला खुर्चीसकट जिना चढवले. उतरायचा मार्गही तोच, आणि त्या चौघांना कामे आहेत. तेव्हा एक पलंग, एक कमोड आणि पश्चिमेची एक खिडकी, एवढे माझे राज्य. कालपर्यंत.

काल या खोलीत तीन मांडण्या आल्या. दर घाण्यातल्या तीन बाटल्या 'राखीव नमुना' म्हणून बाजूला ठेवायच्या असतात म्हणे. उद्या गिऱ्हाइकाने तक्रार केली तर त्यांनी साक्ष द्यायची. खाली बॉयलरची धग, बाहेरच्या खोलीत खोक्यांचा डोंगर. "वावर नाही अशी खोली ही एकच आहे," असे अतिशय म्हणाला. म्हणजे मी वावरात धरली जात नाही.

"आत्याबाई, बाटल्यांना ऊन लागलं की रंग उतरतो," अंकिता म्हणाली. "डाळिंबाचा लाल लय नाजूक असतो."

"आणि माझा रंग उतरला तर चालेल?"

"तुमचा कुठं उतरतोय!" म्हणाली आणि हसली. नाथाजीही हसला. हातात हातोडी असलेल्या माणसाने हसू नये.

ही मला आत्याबाई म्हणते. साताऱ्याकडच्या सुभेदाराची मुलगी. तिकडे सासूला तसेच म्हणतात. मी 'आई' म्हण असे सांगून पाहिले. चार दिवस म्हणाली आणि परत आत्याबाई.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दोन दिवस अंधारात काढले. दिवसा दिवा लावून वाचणे हे मला आजाऱ्याचे लक्षण वाटते.

कॉन्व्हेंटात मला भांडारखोलीत कोंडायचे. प्रार्थनेच्या वेळी हसले म्हणून, मराठीत बोलले म्हणून, एकदा तर नुसते उलट बघितले म्हणून. जिन्याखालची बिनखिडकीची खोली. तिथे सिस्टर वर्षभराचे स्ट्रॉबेरीचे सिरप ठेवत. तास संपला की दार उघडे आणि उजेड आत आला की त्या बाटल्या एकदम लालभडक दिसत, काल भरल्यासारख्या. मी तेवढेच बघत बाहेर यायची. त्या खोलीतून सुटले त्याला आता साठ वर्षे झाली असतील.

आज उपाय सापडला. मनुबाई, म्हणजे माझे करायला येणारी बाई, मागच्या शेवग्याच्या शेंगा आकडीने काढते. ती लांब आकडी मी "पाठ खाजवायला" म्हणून मागून घेतली. कापड वर खिळ्यांनी ठोकलेले आहे, खाली फक्त एक कडी. पलंगावरून आकडी टाकली की कडी निघते आणि कापड बाजूला ओढून खुर्चीच्या पाठीला अडकवता येते. पावणेचारला उघडायचे, पावणेसहाला बंद. अंकिता सहाला वर येते.

पलंगाच्या खिडकीकडच्या कडेला सरकून बसले. चारला पाळी सुटली. दुचाकींची रांग आली. एका स्कूटरवर तिघे आणि एक डबा. समोरच्या वर्कशॉपच्या दारात नाथाजी तंबाखू मळत उभा होता. खाली दोरीवर मनुबाईने माझी साडी सुलट वाळत घातलेली दिसली. मी खिडकीतून ओरडले, "उलटी घाल गं! काठ विटले तर कोण भरून देणार?" तिने वर पाहिले, दचकली, आणि साडी उलटी केली.

किती बरे वाटले म्हणून सांगू.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मला साखरेचा त्रास आहे म्हणून घरात बनणारा रस मला वर्ज्य आहे. उशापासून चार हातांवर दीडशे बाटल्या आणि मला दुधीचे पाणी.

मनुबाईला म्हणाले, "ती वरच्या फळीवरची एक दे."

"आवं, वैनी मोजत्यात त्या."

"वैनीला मी बघते. तू दे."

दिली. चिठ्ठीवर २७ जानेवारी. झाकणावरून कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीवर अंकिताची सही. पण झाकण सोड्याच्या बाटलीसारखे, पत्र्याचे. ओपनरशिवाय उघडेना. मनुबाई म्हणाली, "ओपनर म्या देणार न्हाई. चोरी तुमची, शिव्या मला." दात लावून पाहावा हा विचार या वयात आणि या शिक्षणात शोभत नाही. तेवढ्यात सूर्यही मावळला, आणि मी सूर्यास्तानंतर काही तोंडात घालत नाही. पलंगाखालच्या माझ्या शाळेच्या पत्र्याच्या ट्रंकेत, साड्यांच्या मध्ये ठेवून दिली. ओपनर मिळेल तेव्हा मिळेल.

शनिवार, २२ फेब्रुवारी

अंकिता वही घेऊन आली. "सत्तावीस तारखेच्या तीन होत्या. दोनच आहेत."

"उंदीर."

"उंदीर बाटली नेतात?"

"कुपवाडचे नेतात."

तिने माझ्याकडे बघितले आणि वहीत काहीतरी लिहिले. मग कधी नव्हे ती पलंगाच्या कडेला बसली आणि मला डाळिंब शिकवू लागली. एम.एस्सी. आहे, अन्नशास्त्रातली. रस जास्त वेळ तापवला तर तांबूस होतो, कमी तापवला तर आंबतो, म्हणून काही सेकंदच तापवायचा आणि लगेच गार करायचा. हवा राहिली तर रंग जातो, ऊन लागले तर जातो, नुसते उबेत ठेवले तरी महिन्या-महिन्याला थोडा थोडा जातोच. लोखंडाच्या भांड्यात ठेवला तर काळा-निळा पडतो. मी म्हणाले, लिंबू पिळा, 'क' जीवनसत्त्व मिळेल. तर म्हणे ते वरून घातले की लाल उलट लवकर उतरतो. कवठे महांकाळचे शेतकरी वर्षभर जपतात आणि आपण पंधरवड्यात घालवतो, असे व्हायला नको म्हणून हा सगळा खटाटोप.

"एवढा नाजूक रंग असेल तर देवाने तो सालीच्या आत ठेवलाय ते बरोबरच," मी म्हणाले.

"तेच तर म्हणतेय आत्याबाई. साल म्हणजे तुमचा पडदा."

उत्तर चांगले होते. मी तोंडावर कबूल केले नाही.

सोमवार, ३ मार्च

अंकिताला खोकला झाला आहे. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत खोकत येते. खोलीत आली की थांबतो. आठ दिवस हेच. मी अडुळशाचा काढा करायला सांगितला, प्याली नाही. हल्ली येतेही सहाऐवजी सव्वासहाला. मला सोयीचेच.

नव्या घाण्याच्या बाटल्याही माझ्या खोलीत येत नाहीत, ऑफिसातल्या लोखंडी कपाटात जातात. अतिशयने कारण विचारले तर म्हणाली, "वर जागा न्हाई." जागा आहे. पण मी कशाला बोलू?

माझे डोळे मात्र बिघडत चालले. फळीवरच्या काही बाटल्या मला विटकरी दिसतात. मोतीबिंदू असावा. पाय बरा झाला की ते बघायचे.

बुधवार, १२ मार्च

साताऱ्याहून तक्रार आली. तिथली वितरक कंपनी आमचा माल चार जिल्ह्यांत पाठवते. २७ जानेवारीचा घाणा तपकिरी पडला म्हणून दुकानदारांनी परत केला. अतिशय जेवला नाही. अंकिता म्हणाली, "आपल्याकडनं जाताना लालच गेला होता. राखीव बाटल्या बघू द्यात त्यांना."

आणि मग तिची नजर माझ्या मांडणीवर गेली.

मंगळवार, १८ मार्च

साताऱ्याचा माणूस आला. धैर्यशील काटकर, गुणवत्ता अधिकारी. पांढरे बूट. खोलीत आला तेव्हा मी पलंगावर बसले होते, पण त्याने नमस्कार मांडणीला केल्यासारखा केला. अतिशय, अंकिता, तो, सगळे माझ्या अंगावरून बोलत होते.

त्याने २७ जानेवारीच्या दोन बाटल्या काढून उजेडाला धरल्या. चहा. नुसता कोरा चहा. म्हणजे माझे डोळे ठीक आहेत.

"तुमचीच साक्षीदार फितूर झाली की वैनी," तो म्हणाला. "राखीव बाटलीच अशी असंल तर चूक करतानाच झाली. जास्त शिजवलाय तुमी रस."

"तुमच्या गोदामात माल कसा ठेवता?" अंकिताने विचारले.

"पत्र्याच्या शेडात. खोक्यातनं काढून रचतो, मोजायला सोपं जातं. त्याचं काय? हितं तर शेड न्हाई ना?"

अंकिताने माझ्याकडे पाहिलेही नाही. अतिशय घाम पुसत होता. कुणीच बोलेना म्हणून मी बोलले. "मी पहिल्यापासून सांगतेय. यांच्या बॉयलरची धग वरपर्यंत येते. एवढे उकळल्यावर रंग कसा राहील?" स्पष्ट बोलायला मी कधी घाबरले नाही. काटकरने प्रथमच माझ्याकडे वळून मान डोलावली आणि माझे नाव विचारून लिहून घेतले. शालन मगदूम, निवृत्त मुख्याध्यापिका.

जाता जाता अतिशयला म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नका. पुढच्या घाण्यात बिटाचा रस घाला वाईच. सगळेच घालत्यात. कुणाला कळतंय?"

मी म्हणाले, "काटकर, हे जैनाचे घर आहे. कंदमुळे आमच्या ताटात येत नाहीत, तुम्ही बाटलीत घालायला निघालात?"

पण माझ्याआधी अंकिता बोलून गेली होती. "आमच्या बाटलीत कंद जायचा न्हाई." आमच्या, असे म्हणाली. माहेरी कांद्या-बटाट्यावर वाढलेली मुलगी.

गुरुवार, २० मार्च

अहवाल आला. अतिशयने मला वाचायला दिला, कारण तो इंग्रजीत आहे आणि त्यात मी आहे. 'कुटुंबातील ज्येष्ठ व सुशिक्षित सदस्यानेही रस अतिरिक्त तापवला जात असल्याला दुजोरा दिला.' व्याकरणात एक चूक नाही. वाचताना तोंड कडू झाले.

कंपनीची अट अशी: तांत्रिक जबाबदारी अंकिताची होती आणि चूक तिची झाली, असे तिने स्वतः लिहून द्यायचे आणि त्या जागेवरून दूर व्हायचे. तसे झाले तर माल घेणे चालू राहील. लिहून दिले की तिच्या सहीला या धंद्यात पुन्हा कुणी विचारणार नाही. शिक्षणाची आठ वर्षे एका कागदावर जातील.

"तिने लिहून दिलं तर कारखाना वाचतो," अतिशय म्हणाला.

"तुझे काय मत?"

"माझं काय मत असणार, आई."

याचे वडीलही असेच होते. प्रश्न विचारला की टेबलाकडे बघायचे.

संध्याकाळी अंकिता फडके घेऊन मांडणी पुसायला आली. खिडकीकडच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या एका बाजूने पांढऱ्या पडल्या आहेत, लाल डाळिंबाचे चित्र गुलाबी झाले आहे. त्या बाजूवरून तिने अंगठा फिरवला. मग कापडाची खालची कडा हातात धरली. आकडी लागून ती फाटली आहे. मी तयार होते. विचारले असते तर मी दहा उत्तरे दिली असती.

"ऊन लय झालंय ह्या दिवसांत," एवढेच म्हणाली, आणि सुईदोरा आणून कडा शिवून टाकली.

"सही करणार आहेस?"

"सोमवारपर्यंत मुदत हाय."

आज खोकत वर आली नव्हती.

रविवार, २३ मार्च

काल वॉकर मिळाला, मोडक्या पायावर भार न देता चालायला. पलंगापासून खिडकीपर्यंत तीन पावले. आज ठरवले, आता या बाटल्यांना कोण विचारतो, निदान माझी तरी पिऊन टाकू. मनुबाईने एकदाचा ओपनर दिला, "घ्या, आता काय ऱ्हायलंय," म्हणून. तिने ट्रंक ओढली, मी साड्यांतून बाटली काढली, खिडकीत उभी राहिले. दुपारचे चार वाजले होते, कापड बाजूला होते. ओपनर झाकणाला लावला.

उन्हाने बाटली पेटली. लाल. पहिल्यासारखी भडक नसेल, पण लाल. भांडारखोलीचे दार उघडावे तशी.

वाटले, दुसऱ्या घाण्याची असेल. चिठ्ठी वाचली. २७ जानेवारी. मांडणीवरची उचलून शेजारी धरली. २७ जानेवारी.

"मनुबाई, ही कुठल्या रंगाची?"

"डाळिंबाच्या."

"आणि ही?"

"च्याच्या."

"दोन्ही एकाच दिवसाच्या आहेत."

तिने माझ्याकडे असे पाहिले की वर्गातल्या ढ मुलीकडेही मी कधी तसे पाहिले नसेन. "मग येक उनात बसलीया आनि येक न्हाई. तुमीच न्हाई का वरडत, साडी उलटी घाल, साडी उलटी घाल?"

ओपनर खाली ठेवला. बाटली पदरात गुंडाळून परत ट्रंकेत ठेवली. मग पलंगावर बसून हिशेब केला: पावणेचार ते पावणेसहा, रोज दोन तास, कालपर्यंत अडतीस दिवस. मध्ये एकही दिवस सुट्टी घेतली नाही मी.

सोमवार, २४ मार्च

सकाळी अंकिताला बोलावले. दार लावून घ्यायला सांगितले. ट्रंक उघडून बाटली दाखवली. तिने आधी झाकणावरची आपली सही बघितली, मग रंग. मग बाटली घेऊन जमिनीवरच बसली.

"उंदीर," ती म्हणाली.

"हो. आणि खिडकीही मीच उघडत होते. रोज."

"मला ठाऊक हाय, आत्याबाई."

"केव्हापासून?"

"फेब्रुवारीतच. समोरच्या वर्कशॉपात गेले होते, तिथनं वर बघितलं तर तुमी खिडकीत. नाथाजीला हात करत होता."

"मी कुणालाही हात करत नव्हते. मी त्याला तंबाखू थुंकू नकोस म्हणून सांगत होते." मग विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? पडदा ठोकला त्याच दिवशी मला वाटलं, चुकलं आपलं. तुमच्याकडं दुसरं काय होतं? एवढी खिडकीच होती." पुढे म्हणाली, "बाटल्या मी तवाच हलवायला पायजे होत्या. नव्या हलवल्या, जुन्या ऱ्हायल्या. वाटलं, तक्रार थोडीच येतीया. ती चूक माझीच."

"ती तेवढी तुझी. बाकीची माझी. मला कुणी वाटेकरी नको आहे."

तिने पदराने नाक पुसले. मी तिला वही आणि पेन मागितले आणि म्हणाले, सही करायची नाहीस. अतिशयला खालून बोलावले आणि सांगितले की हे पत्र रजिस्टरने जाईल, आजच, आणि पावती मला आणून द्यायची. तो टेबल शोधत होता बघायला; या खोलीत टेबल नाही. मग माझ्याकडेच बघावे लागले. "बरं," म्हणाला.

अंकिता म्हणाली, "एवढं खरं लिवू नका आत्याबाई. लोक काय म्हणतील तुमाला?"

"लोक मला मुख्याध्यापिका असल्यापासून म्हणताहेत. सवय आहे."

एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही. तिचा तो खोकला असा एकाएकी बरा कसा झाला? काढा तर प्याली नव्हती.

पत्राची नक्कल खाली उतरवून ठेवते.

श्री. धैर्यशील काटकर यांस,

१८ मार्च रोजी माझ्या खोलीत, माझ्या पलंगावरून वाकून, तुम्ही ज्या दोन बाटल्या उजेडाला धरल्या, त्या तोवर तेहतीस दिवस रोज दोन तास उन्हात होत्या. त्यांच्यावरचे कापड मी काढत होते. माझ्या सुनेने ते लावले होते, आणि का लावले तेही सांगितले होते. मला अंधार सोसत नाही. हे कारण आहे, सबब नाही. त्या दोन बाटल्या तुमच्या साक्षीदार नाहीत आणि आमच्याही नाहीत. त्या उन्हाच्या साक्षीदार आहेत.

त्याच घाण्याची तिसरी बाटली १५ फेब्रुवारीपासून माझ्या ट्रंकेत, साड्यांमध्ये आहे. ती मी पिण्यासाठी चोरली होती आणि ओपनर न मिळाल्याने ती वाचली. झाकण, पट्टी आणि सही जशीच्या तशी आहे. तिचा रंग लाल आहे. तुम्ही स्वतः या, जिना चढा, आणि आमच्यासमोर ती सीलबंद करून कुठल्याही प्रयोगशाळेत न्या. येताना तुमच्या पत्र्याच्या शेडातला दुपारचा उष्मा किती असतो तो मोजून कागदावर आणा, आणि खोक्याबाहेर काढलेल्या बाटल्या तिथे किती आठवडे होत्या तेही.

तुमच्या अहवालात ज्येष्ठ व सुशिक्षित सदस्याच्या तोंडी जे वाक्य आहे, ते माझे आहे. बॉयलरजवळ मी आजवर गेलेले नाही. मला माहीत नव्हते आणि मी बोलले. ते वाक्य मी मागे घेते; तुम्ही ते लेखी काढून टाका. सौ. अंकिता मगदूम कुठल्याही कबुलीवर सही करणार नाहीत. बिटाचा सल्ला मी विसरलेले नाही, तो तुमच्या वरिष्ठांना वेगळ्या पत्राने कळवत आहे.

तोंडी, फोनवरून किंवा माझ्या मुलामार्फत आलेले उत्तर मी उत्तर समजणार नाही. बुधवार, २ एप्रिल २०२५, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुमचे सहीशिक्क्याचे लेखी उत्तर सौ. अंकिता मगदूम यांच्या नावे या पत्त्यावर पोचले पाहिजे. मांडणीवरच्या उरलेल्या बाटल्यांसाठी खिडकीचे काळे कापड आज मी माझ्या हाताने लावले आहे, आणि तुमचे उत्तर येईपर्यंत ते काढणार नाही. मी अंधारात बसले आहे, काटकर. उशीर करू नका.

शालन मगदूम